गिरणगावचे मृत्यू आणि गावाकडची नोंदवही
(नागोठणे येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



दोन महायुद्धांमधील मुंबईच्या गिरणगावाची आकडेवारी नागोठण्यात का तपासावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु या हिशेबाचे अर्धे पान कोकणातच आहे. अंबेच्या खाडीतून धरमतरमार्गे मुंबईला भात गेले, तशी माणसेही गेली.

प्रथम विवाह. मुंबईत जन्ममृत्यूची नोंद होई. हिंदू विवाहाची सक्तीची नोंद नव्हती. जनगणनेत विवाहित, अविवाहित, विधुर एवढेच रकाने. १९२१ साली शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ५२५. म्हणजे कामगार कागदावर विवाहित, पण जेवण खानावळीत आणि बायको गावी. मजुरी एकट्याच्या पोटापुरती ठेवता आली, कारण उरलेले कुटुंब गावची शेती पोसत होती. मालकांच्या ताळेबंदात हा खर्च कधी दिसला नाही.

आता मृत्यू. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भके दगावली; एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, चार वा अधिक खोल्यांत १३३. हे आकडे फुगलेले आहेत, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. बाळंतपणाला बाई गावी जाई, जन्म तिकडे नोंदला जाई. मूल घेऊन ती चाळीत परते आणि मूल मरे ते मुंबईत. भागाकाराचा छेद लहान, अंश मोठा. एका खोलीतल्या बायकाच अधिक गावी जात, तेव्हा ८२८ मध्ये ही चूकही सर्वाधिक. मान्य. पण छेद दुरुस्त केला म्हणून मेलेले मूल उठून बसत नाही. आणि बाई गावी का जाई, हे त्या दुरुस्तीत येत नाही. खोलीत जागा नव्हती आणि रजेचा पगार नव्हता. प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. कायदा १९२९ साली झाला.

उलट दिशेची चूक मात्र आक्षेपकांनी कधी मोजली नाही. क्षयाने खंगलेला गिरणी कामगार मरायला गावी येई. त्याचा मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडत नसे. तो गावच्या पोलीस पाटलाच्या नोंदवहीत जाई आणि कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असे: ताप.