भाग 37 : इलेक्ट्रिक गाडी परवडते का हो?

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, आणि इनबॉक्स भरला ना! 'दादा, परवडते का?' 'दादा, घेऊ का?' आता मी काही गाड्यांचा एक्सपर्ट नाही. पण दीड वर्ष चालवतोय, तेवढं सांगतो. आधी हिशोब, मग फजिती.

आमची गाडी छोटी एसयूव्ही, बॅटरी 30 युनिटची. कंपनीच्या कागदावर 312 किलोमीटर, प्रत्यक्षात 200 च्या आसपास. म्हणजे एका युनिटला साधारण 7 किलोमीटर. घेतली तेव्हा त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा 3 लाखांनी महाग पडली. ते वरचे 3 लाख बाबांनी त्यांच्या ग्रॅच्युइटीतून दिले, कारण मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "बाबा, साडेचार वर्षांत वसूल!"

ते कसं, बघा. पेट्रोल 104 रुपये लिटर, ॲव्हरेज 15 चं. किलोमीटरला 7 रुपये. घरी चार्ज केलं तर मला युनिट सगळं धरून 9 रुपयांना पडतं, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया. कोथरूड-हिंजवडी रोजचं, शनिवार-रविवार इकडेतिकडे, असं माझं महिन्याला 1000 किलोमीटर होतं. वाचले साडेपाच हजार. पण हेच बाहेरच्या फास्ट चार्जरवर 22 रुपये युनिटने भरलं, तर बचत पावणेचार हजारांवर येते आणि साडेचार वर्षांची साडेसहा वर्षं होतात. आणि तुमचं रनिंग महिन्याला 400 असेल तर सोडून द्या, पेट्रोलच घ्या. खरंच.

(आणि हो, माझे 3 लाख धरून बसू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, इलेक्ट्रिकचा 5 च आहे. दोन्हींची ऑन-रोड किंमत आजची विचारा.)

आता फजिती. गाडी दारात आली, पेढे वाटले, आणि सोसायटीने पार्किंगमध्ये सॉकेट बसवायला नाही म्हटलं. कारण? "आग लागली तर जबाबदार कोण?" भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही; व्हॉट्सॲपवर जळणाऱ्या स्कूटरचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेले. पण मी गाडी घेण्याआधी एकदाही कमिटीला विचारलं नव्हतं, ही चूक माझीच.

मग सात महिने बाहेरचा चार्जर. महिन्यातून सहा-सात वेळा, दर वेळी तासभर. मी ऑफिसात, त्यामुळे जायचे कोण? बाबा. पेपर घेऊन, पाण्याची बाटली घेऊन. कधी चार्जर बंद, कधी ॲपमध्ये पैसे अडकलेले, कधी आपल्या आधी दोन टॅक्सी. एकदा फोन केला तर म्हणाले, "शब्दकोडं सुटलं, गाडी अजून चाळीस टक्क्यांवर आहे." बोलले एवढंच. मला मात्र ते 3 लाख टोचायला लागले.

शेवटी वार्षिक सभेत कागद घेऊनच गेलो. घरच्या विजेवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परवानगी आहे, ते दाखवलं. मग केबल, एमसीबी, अर्थिंग, सगळं लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेईन, असं लिहून दिलं. एनओसी मिळाली. महावितरणकडून गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं. ते का? घरचे 180 युनिट, त्यात गाडीचे 140 मिसळले की 300 च्या वर जातो आपण, आणि तिथला दर जड असतो. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत 35 मीटर केबल, मजुरीसकट 19 हजार. हाही खर्च हिशोबात धरा, मी धरला नव्हता.

आणि लांबचा प्रवास? माझी आत्या माणगावला असते. ताम्हिणीतून उतरताना मजा वाटते, गाडी स्वतःच थोडी चार्ज होते. पोचलो तेव्हा 56 टक्के. पण परत वर चढून यायला 60 तरी हवे. 600 मीटर चढायचं तर नुसत्या चढालाच जवळपास 3 युनिट जातात. आत्याकडे 15 अँपिअरचा सॉकेट होता, लावला, तर चार्जरवर लाल दिवा. "अरे, गीझर चालतो की त्याच्यावर!" आत्या म्हणाली. गीझर चालतो, पण अर्थिंगच नव्हतं, आणि अर्थिंग नसेल तर गाडी वीज घेत नाही. गावातल्या वायरमनने अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून दिलं. रात्रभरात गाडी फुल. आत्याच्या गीझरचा अधूनमधून बसणारा झटकाही गेला, तो बोनस!

सध्या बाबा डायरीत मीटरचं रीडिंग लिहितात. मागचा महिना 138 युनिट. आणि सभेत ज्या काकांनी सगळ्यात जास्त आवाज चढवला होता, त्यांनी परवा बाबांना लिफ्टमध्ये विचारलं, "केबलवाल्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

चला, भेटू पुढच्या गुरुवारी. तोवर तुमच्या पार्किंगमध्ये सॉकेट आहे का, बघून कमेंटमध्ये सांगा.