‘लेबर’, मेहनत आणि इम्तिहान
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मध्यंतरी नववीच्या वर्गात मी मुलांना वडिलांचा व्यवसाय विचारला. एक मुलगा मान खाली घालून म्हणाला, “सर, आमचे अब्बा साधे लेबर आहेत.” मागच्या बाकावर कोणी तरी हसले. ते हसू मला बोचत राहिले.

‘लेबर’ हा मूळचा लॅटिन शब्द. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्रम, तसाच कष्ट आणि यातनाही. म्हणूनच दवाखान्यातील प्रसूतीच्या खोलीला ‘लेबर रूम’ म्हणतात. आईच्या वेणांना जो शब्द, तोच बापाच्या घामाला! मग त्याची लाज कशाची?

आता आपले शब्द पाहा. ‘मेहनत’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ कसोटी. ज्या धातूपासून मेहनत, त्याच धातूपासून ‘इम्तिहान’, म्हणजे परीक्षा. हे दोघे सख्खे भाऊ आहेत. आपल्या भागातला शेतकरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पेरणीआधी रानाची ‘मशागत’ करतो. ती म्हणजे अरबी ‘मशक्कत’. असे शेकडो शब्द मराठीने आपलेसे केले आहेत. कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोशच सिद्ध केला.

पालकहो, दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की वर्गातील बाके रिकामी होतात. त्यात मुलींची अधिक. तुमची अडचण मी जाणतो. माझे बालपणही रोजमजुरीच्या घरात गेले. परंतु चार दिवसांच्या मजुरीसाठी बुडालेला धडा मार्चमध्ये सापडत नाही. शेताची मशागत वेळेवर करता, तशी मुलांच्या बुद्धीचीही वेळेवर होऊ द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, वडिलांनी आपला इम्तिहान रोज उन्हात दिला, म्हणून तुम्हाला सावलीत बसून तुमचा देता येतो. उद्या कोणी विचारले, तर मान वर करून सांगा, “माझे अब्बा मेहनत करतात.” आणि त्या मेहनतीला शोभेल असा अभ्यास करा.