हमी संपली, बॅटरी नव्हे

मोटारीच्या बॅटरीची हमी संपली, कीं पुष्कळ घरांत तिची उत्तरक्रिया ठरून जाते. वास्तविक हमी हा कारखानदाराचा करार आहे. ती बॅटरीची जन्मपत्रिका नव्हे. शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांचा हा घट गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केला. बारा व्होल्टांच्या बॅटरींत असे सहा घट असतात.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं दाब मोजावा. तो १२.६ व्होल्टांच्या आसपास असला, तर बॅटरी पूर्ण भारलेली समजावी. १२ च्या खालीं असला, तर ती रिकामी झाली. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. दिवा जळत राहिल्यानेंही असें होतें. मात्र ती तशीच पडूं दिल्यास पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. म्हणून ती त्वरित भारावी. पूर्ण भारूनही इंजिन सुरू करतांना दाब कोसळला, अथवा पेटी फुगली, तर मात्र नवी घेणेंच शहाणपणाचें.

झांकणें उघडतां येत असतील, तर आंत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. तारा सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें, जोडतांना तें शेवटीं जोडावें. भारतांना हायड्रोजन निघतो. जवळ काडी ओढूं नये.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. २०२२ च्या नियमांनीं तिच्या पुनरुपयोगाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कोठेंतरी उघड्यावर वितळविलेलें शिसें मुलांच्या मेंदूस इजा करतें. तेथें वाचलेल्या चार रुपयांची किंमत दुसऱ्याचें मूल भरतें.