खरें छायाचित्र कोणतें?



आपल्यापैकीं कोणाच्याहि घरीं बैठकीच्या भिंतीवर जीं छायाचित्रें टांगलेलीं असतात त्यांकडे जरा निरखून पाहावें. एखादें विवाहप्रसंगाचें असतें, निवर्तलेल्या वडील मंडळींचीं दोनचार असतात, आणि घरांत कोणी पदवीधर झालें असेल तर काळा झगा घातलेलें एक असतें. ज्या गृहस्थानें चाळीस वर्षें रोज पहाटे उठून गोठा झाडला, त्याचें गोठा झाडतांनाचें चित्र मात्र कोठेंहि दिसावयाचें नाहीं. सणासमारंभाचे दहापांच दिवस आपण कांचेखालीं जपून ठेवितों. राहिलेल्या साऱ्या आयुष्याला तेथें जागा नसते.

हें निरीक्षण माझें नव्हे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यांत राणीसावरगांव म्हणून रेणुकादेवीच्या देवळासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. तेथील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनें छायाचित्रणाविषयींचे आपले विचार एका वहींत लिहिले, आणि ती वही मजकडे वाचावयास दिली. निबंध तपासण्याची सवय जन्माची, म्हणून तांबडी पेन्सिल घेऊनच बसलों होतों. दुसऱ्या पानावर ती खालीं ठेविली. कारण मुलीनें जो प्रश्न विचारला होता तो केवळ शाळकरी नव्हता.

प्रश्न असा. तिला आपल्या आजीचें चुलीपुढें भाकरी थापतांनाचें चित्र हवें होतें. भ्रमणध्वनि घेऊन ती पुढें झाली तों आजी म्हणाली, "थांब माय, लुगडें बदलून येतें." आजी आंत गेली, ठेवणींतलें इरकल नेसली, कुंकू नीट केलें, अंगणांत खुर्ची मांडविली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहिल्याप्रमाणें समोर पाहत बसली. मुलगी हिरमुसली. ही कांहीं आपली नेहमींची आजी नव्हे, असें तिला वाटलें. दुसऱ्या दिवशीं दाराआडून, आजीला न कळूं देतां, तिनें हवें तसें चित्र काढलें आणि वहींत लिहिलें कीं, हेंच खरें. परंतु तें पाहतांच आजी रागावली व म्हणाली, "ही मी नव्हे." आतां दोहोंपैकीं खरें कोणतें?

आजीचें तें ताठ बसणें कोठून आलें, हें आधीं पाहूं. १८३९ सालीं पॅरिस येथें डागेर यांची छायाचित्रणाची कृति जाहीर झाली. सुमारें पंधरा वर्षांनीं, १८५४ मध्यें, मुंबईस छायाचित्रणाची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींत होते. पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत या कलेचा वर्ग सुरू झाला व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी तेथें शिकून व्यवसायांत पडले. म्हणजे छायाचित्रणावर विचार करणारा मराठी मुलखांतील विद्यार्थी ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. त्या काळीं ओल्या कांचेवर चित्र घेत. कांच वाळण्यापूर्वींच काम उरकावें लागे, आणि उजेड बेताचा असला तर बसणाऱ्यास कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. मान हलूं नये म्हणून पाठीमागून लोखंडी चिमटा लावीत. हात हलूं नयेत म्हणून ते गुडघ्यांवर ठेववीत. इतका वेळ हसूं टिकत नाहीं, टिकविलें तर त्याचें विचकणें होतें. म्हणून तोंड मिटलेलें. यंत्राचा तो मंदपणा केव्हांच गेला, परंतु त्यानें लाविलेली शिस्त तीनचार पिढ्या उतरून राणीसावरगांवच्या अंगणापर्यंत आली.

आणखी एक गंमत सांगतों. त्या जुन्या कांचांना निळा रंग फार जाणवे आणि तांबडा मुळींच जाणवत नसे. त्यामुळें निळें आकाश पांढरें फटफटीत येई व कपाळावरचें तांबडें कुंकू काळें येई. ज्या यंत्राला लोक सत्याचा आरसा म्हणत, त्यानें सौभाग्याचा रंगच पुसून टाकला, आणि कोणी तक्रार केली नाहीं. पुढें शहरोशहरीं छायाचित्रगृहें निघालीं. पाठीमागें रंगविलेला पडदा, त्यावर खांब, कारंजें, बाग. आणि गिऱ्हाइकाजवळ कोट नसला तर तोहि तेथेंच मिळे. खेड्यांतून आजहि एखादें माणूस गेलें कीं लग्नाच्या घोळक्यांतील किंवा ओळखपत्रावरील त्याचा चेहरा कापून घेतात, मोठा करतात, आणि निळ्या पार्श्वभूमीवर नवा फेटा बांधून चौकटींत बसवितात. या सर्वांपुढें आजीनें लुगडें बदललें हा अपराध तो काय?

मला तर तो अपराध वाटतच नाहीं. रोजच्या राबण्यांत तिला कोणी विचारून काम दिलें नव्हतें. चूल, शेत, लेंकरें, सासरच्यांचीं दुखणीं हें सारें तिच्या वांट्याला आलें तें आलें. त्या खुर्चीवर मात्र ती आपल्या इच्छेनें बसली. मला लोकांनीं कसें पाहावें हें मी ठरवीन, असें ती न बोलतां म्हणत होती. आणि माणसाची ही इच्छा त्याच्या घामाइतकीच खरी असते. न विचारतां दाराआडून चित्र घेणें ही तर मला सरळसरळ असभ्यता वाटते. परक्या बाईच्या बाबतींत ती मुलगी असें करती ना. आजी आपली म्हणून तिला तें चाललें.

परंतु वहीचें मोल असें कीं, पुढें तिनेंच एक गोष्ट लिहून ठेविली आहे. त्या स्वयंपाकघरांत चुलीशेजारीं गॅसची शेगडी आहे. चहा, भाजी, दूध सारें शेगडीवर होतें. भाकरी तेवढी चुलीवर. दाराआडून चित्र घेतांना शेगडी व तिची तांबडी टाकी डोळ्यांत येऊं नये म्हणून मुलगी दोन पावलें बाजूस सरकली. चाळीस चित्रें घेतलीं, आणि धुरांतून उजेडाची तिरीप पडली होती तें एक निवडलें. म्हणजे आजी खरी हवी, पण शेगडी खरी नको! लुगडें बदलणें आणि शेगडी लपविणें यांत फरक असलाच तर एवढाच कीं, आजीनें आपलें रूप सजविलें आणि नातीनें दुसऱ्याचें. शहरांतील प्रदर्शनांतून ग्रामजीवनाचीं जीं सुंदर चित्रें लागतात तीं पाहतांना मला ही टाकी नेहमीं आठवेल.

रोजचें जीवन दाखवावें, ही तिची तळमळ मात्र अगदीं योग्य आहे, आणि तिला उदाहरण शोधावयास दूर जावयाचें कारण नाहीं. गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राबणाऱ्या या बाईनें दळण, कांडण, झाडलोट, शेणगोवऱ्या यांनाच आपल्या अभंगांत जागा दिली. तिचें त्या काळचें चित्र आपणांजवळ नाहीं. दिनदर्शिकांवर जात्याशीं बसलेली जी जनाबाई दिसते ती चित्रकारांची कल्पना होय. तरीसुद्धां तिचा दिवस कसा जाई हें आपणांस ठाऊक आहे, कारण तो तिचा तिनेंच सांगितला. यावरून मीं मुलीला एक सुचविलें. म्हटलें, कोणत्या कामाचें चित्र घ्यावें हें आजीलाच विचार. आजीनें भाकरीचें नांवहि घेतलें नाहीं. ती म्हणाली, वाकळ शिवतांना काढ. तिच्या टांक्यांची गल्लींत वाखाणणी आहे. त्या वेळीं ती लुगडें बदलावयास उठली नाहीं, आणि तिनें यंत्राकडे पाहिलेंहि नाहीं.

वहीचा शेवटचा भाग चिंतेचा आहे, आणि ती चिंता आजची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आतां चार ओळी सांगितल्या कीं भाकरी थापणारी अशी म्हातारी रचून देतात कीं जी कधीं जन्मलीच नाहीं. सुरकुत्या, धूर, ओंजळींतलें पीठ, सगळें बिनचूक. मग पन्नास वर्षांनीं माझ्या आजीचें चित्र खरें कशावरून, असें ती विचारते. याला उत्तर चित्राच्या आंत सांपडावयाचें नाहीं, असें माझें मत आहे. खरें म्हणजे पूर्वींहि तें आंत नव्हतें. आपण उगाच तसें धरून चाललों होतों. दोन उदाहरणें देतों.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारीं राजा दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते. जन्म १८४४, मृत्यु १९०५; शिक्षण रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत. राजेरजवाडे, वाडे, शिकारी यांचीं त्यांचीं चित्रें सर्वांना माहीत आहेत. परंतु १८९५ ते १९०२ या काळांत औरंगाबादकडे दुष्काळी कामावर रस्ता करणाऱ्या मजुरांचीं चित्रेंहि त्यांच्या संग्रहांत आहेत. तीं खरीं आहेत यांत शंका नाहीं. तीं माणसें उभीं होतीं, तो रस्ता होत होता. शीर्षकांत मात्र निजामसरकारच्या सत्कार्याचा उल्लेख आहे, राबणाऱ्यांचीं नांवें नाहींत. त्या घोळक्यांत आपल्यापैकीं कोणाचा पणजोबा असेल. त्याला ओळखणार कसें? चित्र खरें राहिलें, माणूस हरवला.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. १९१३ सालीं नवसारी येथें जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. माणेकशा व्यारावाला यांजपासून त्या छायाचित्रण शिकल्या. पुढें उभयतांचा विवाह झाला. शाळेंतील सोबतिणी, मुंबईच्या रस्त्यांवरील नेहमींचे व्यवहार, असे त्यांचे आरंभींचे विषय होते. सोबतिणींना त्या खुशाल हवें तसें बसवीत व उभें करीत, आणि तरी तीं चित्रें पाहिलीं कीं त्या वेळच्या शिकणाऱ्या तरुणींचा मोकळेपणा समजतो. दाराआडून पाहण्याची त्यांना गरज पडली नाहीं. पण हीं चित्रें 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'मध्यें छापून आलीं तीं माणेकशांच्या नांवानें. येथें माणसें कोण तें ठाऊक, पण काढणारीचें नांव दुसऱ्याचें! पुढें भारतांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ति झाली, २०११ सालीं पद्मविभूषण मिळालें, आणि २०१२ मध्यें त्या वारल्या. आरंभींचें काम त्यांचें होतें हें आज आपण निःशंकपणें सांगूं शकतों, कारण तसें सांगणारीं माणसें व कागद मागें उरले.

तेव्हां मीं त्या मुलीला कळविलें कीं, तिन्ही चित्रें ठेव. खुर्चीचें, चुलीचें आणि वाकळेचें. चुलीच्या चित्रावर शेगडी वगळली आहे आणि आजीची संमति नव्हती, हें लिही. आजी हयात असेपर्यंत तें कोणास दाखवूं नको, ती सांगेल तर फाडून टाक. तिनें हें मानलें; पण नांव लिहूं लागली तों नवीच अडचण उभी राहिली. लग्नांत आजीचें नांव बदललें होतें. शिधापत्रिकेवर सासरचें नांव. माहेरचें नांव आतां गांवांत कोणी घेत नाहीं, आणि नातीला तें विचारीपर्यंत ठाऊकहि नव्हतें. आपल्याकडे हजारों बायकांची हीच कथा आहे. भिंतीवर चित्र असतें आणि खालीं 'अमक्याची आई' एवढेंच. मुलीनें दोन्ही नांवें लिहिलीं, माहेरचें आधीं. आजीला वाचतां येत नाहीं; पहिलें अक्षर कोणतें तें तिनें बोट ठेवून दाखवावयास सांगितलें.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून लिहावयाचें कसें तेवढें सांगतों, कारण चांगलीं चित्रें या कामीं खराब झालेलीं मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. भ्रमणध्वनींत शेंकडों चित्रें सांठतात आणि यंत्र बिघडलें कीं एकदम जातात. तेव्हां वर्षाकाठीं दहावीस तरी कागदावर छापून घ्यावीं. जुन्या कागदी छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेननें कधीं लिहूं नये. त्याचा वण पुढच्या बाजूस उमटतो. चित्र स्वच्छ, सपाट जागीं पालथें ठेवावें आणि मऊ शिशाच्या पेन्सिलीनें, न दाबतां, कडेला लिहावें: कोण, कोठें, कोणत्या दिवशीं, कोणी काढलें. हल्लींच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाहीं. अशा चित्रासाठीं साधें कागदी पाकीट करावें, मजकूर त्यावर आधीं लिहावा, आणि मग चित्र आंत घालावें.