मीटर कुणाच्या बाजूला?

श्रोतेहो, पुण्यात संध्याकाळी झेड ब्रिजवरून कधी गेलात का? कठड्याला लागून दुचाक्यांची रांग, त्यांवर जोड्या. मुलाचा चेहरा उघडा आणि मुलगी डोळ्यांपर्यंत स्कार्फमध्ये गुंडाळलेली. उन्हासाठी म्हणावं, तर सात वाजून गेलेत! पुलावरून काका जाऊ शकतात, शेजारच्या काकू जाऊ शकतात. काका त्यालाही असतातच की. पण ते फार तर पाठीत धपाटा घालून हसतील.

मी अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, म्हणून सांगते. प्रेमात पडलेली दोघं म्हणजे जणू एकाच रिक्षात बसलीत. तो बाहेरची गंमत बघतोय, हिची नजर मीटरवर. आठला घरून फोन, नऊला गेट बंद. उशीर झाला की रिक्षावाले 'हाफ रिटर्न' मागतात ना, तेही हिच्याकडेच. मधेच उतरायची वेळ आली तर तो "नाही पटलं" म्हणून चालू लागतो. हिचं भाडं उतरल्यावरही चालूच, पुढचं स्थळ चौकशीला येईपर्यंत.

"मॅडम, ती सारखा लग्नाचाच विषय काढते," एक मुलगा मला कळवळून म्हणाला होता. अरे बाळा, नोकरी लागेपर्यंत तुला कुणी विचारत नाही. तिची पत्रिका शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच फिरायला लागते. मीटर, बाबा, मीटर!

नोंदणी विवाहाचंच घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. कागद एकच, नावं दोघांची. ते दिवस तो तीन साक्षीदार जमवण्यात घालवतो. ती, आपल्या खोलीला बाहेरून कडी लागणार नाही ना, या धास्तीत.

मुलगे वाईट असतात असं नाही हं. प्रेम मोडलं की आमच्याकडे चौघी एका खोलीत रडायच्या, पाचवी मॅगी करायची. मुलगा कुणापाशी रडतो? मित्र म्हणतात, "सोड रे, दुसरी बघ." त्याच्याही आत कुठेतरी एखादं मीटर पडत असेल, त्याबद्दल खरं तर मला... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत. बरं, आटपते. पोरांनो, आज भेटाल तेव्हा तिनं घड्याळाकडे बघायच्या आधी तुम्हीच जरा... नमस्कार.