कोंबडी विकण्याआधी दिवा लावून बघा

हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

आमच्या बचत गटानं कर्ज काढलं तेव्हा माझ्या वाट्याला २० तलंगा आल्या, सुधारित जातीच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळी सरली नि रोजची १२ अंडी ५ वर आली, मग २ वर. अंड्याला भाव असतो तो नेमका थंडीत, आणि हप्त्याची तारीख काही कोंबडीसाठी थांबत नाही. सासूबाई म्हणाल्या, "माजल्यात, आता काही घालायच्या नाहीत." मार्गशीर्ष संपताच मी ८ कोंबड्या विकल्या. त्यातल्या २ शेजारच्या वहिनींनी पाळायला ठेवल्या. फेब्रुवारीत त्या दोघी अंड्यावर आल्या! कुंपणापलीकडून मी त्यांचं ओरडणं ऐकायची.

कोंबड्या वांझ नव्हत्या, दिवस लहान झाला होता. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांच्या वर असतो, डिसेंबरात ११ तासांवर येतो. कोंबडीला उजेड डोळ्यांनी कळतोच, पण कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो. उजेड कमी झाला की मेंदू समजतो, पिल्लं काढायचे दिवस गेले. मग अंडी थांबतात, पिसं गळतात. रोज १४ तास उजेड मिळाला तर अंडी चालू राहतात.

म्हणून खुराड्यात पिवळ्या उजेडाचा ९ वॅटचा एलईडी बल्ब लावा. १० बाय १० फुटांच्या खुराड्याला एक पुरतो. कोंबडीच्या उंचीला पेपर वाचता आला पाहिजे, एवढाच उजेड. रोज ३ तास लावला तर महिन्याला एक युनिटसुद्धा जळत नाही. वायर मात्र लोंबती ठेवू नका, खाली भुसा असतो.

दिवा पहाटे लावायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळचा दिवा एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडतात, कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. आणि पहिल्याच दिवशी ४ वाजता नको. सूर्य ७ ला उगवत असेल तर पहिला आठवडा साडेसहाला, मग दर आठवड्याला अर्धा तास आधी. सहाव्या आठवड्यात ४ वाजता. बंद करतानाही असंच हळूहळू. एक दिवस लावला, दोन दिवस विसरलो, असं केलं तर अंडी आणखी घटतात. माझ्याकडून झालंय ते. आता टायमर बसवलाय; भारनियमन असेल तिथं चार्जिंगचा बल्ब ठेवा.

दिवा लागला की खाद्य-पाणी समोर हवं. अंड्यावरच्या कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, शिवाय शिंपल्यांचा चुरा. नुसत्या उजेडानं अंडं होत नाही, कवच पातळ येतं. ५ महिन्यांच्या आतल्या तलंगांना हा जादा उजेड देऊ नका. अंगानं भरायच्या आधी अंड्यावर आल्या तर अंडी बारीक येतात, कधी अंग बाहेर येतं. आणि गावरान कोंबडी? ती १०-१५ अंडी घालून खुडूक बसणारच. तिच्यासाठी दिव्याचा खर्च मी तरी करणार नाही.

पिसं गळत असतील तर अंड्याची घाई करू नका, नवी पिसं यायला दोन-तीन महिने जातात.

विकायची वेळ आलीच, तर आधी शेपटीखालची दोन हाडं चाचपा. मध्ये दोन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बसलं तर सध्या बंद आहे, एवढंच. दिवा पूर्ण १४ तासांवर आल्यानंतर महिनाभर थांबा, पुन्हा बोटं लावा. तरीही एकच बसलं, तर मग बाजाराचा दिवस बघा.