जुन्या संगणकाची स्मृती

चंदीगडलगत मोहालीच्या नॉलेज सिटीत, २००७ साली स्थापन झालेली ‘आयसर’ ही विज्ञानसंस्था आहे. अशा दूरच्या ठिकाणी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याजवळ घरचा जुना संगणक असला आणि तो रखडू लागला, म्हणजे प्रश्न पडतो : खानावळीच्या पैशांतून वाचवून त्याची स्मृती, म्हणजे रॅम, वाढवावी काय?

रॅम म्हणजे लिहिण्याचे मेज. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. मेज अपुरे पडले, की वारंवार कपाटाकडे धावावे लागते. म्हणून नेहमीचे काम चालू असता रॅम किती भरते, हे आधी पाहावे. ती काठोकाठ भरत असेल, तर ४ जीबीची ८ जीबी करणे सार्थकी लागेल. निम्मी रिकामी राहूनही संगणक मंदच असेल, तर दोष बहुधा कपाटाचा; तेथे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हिताचे.

डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही. काही संगणकांत तर रॅम कायमची डाखलेली असते. ही सारी पाहणी विनामूल्य होते, खरेदी मात्र होत नाही. म्हणून पेठेची वाट पाहणीनंतरच धरावी.